मॅच हलते, किल्ला हलत नाही

११ एप्रिल २०१७ ची रात्र. तुरिनमध्ये युव्हेंटस विरुद्ध बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. माझा धाकटा भाऊ स्टेडियमच्या आत आणि मी शहरातल्या एका कोपऱ्यावरच्या बारमध्ये, टीव्हीसमोर. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी सोफ्यावर बसून जी मॅच दिसली असती तीच, फक्त कॉमेंटरी इटालियनमध्ये.

झालं असं, की इटलीत तिकिटावर बघणाऱ्याचं नाव छापलेलं असतं आणि गेटवर ते पासपोर्टशी ताडून बघतात. पुनर्विक्रीच्या एका साइटवरून आम्ही दोन तिकिटं घेतली होती. एकावर भावाचं नाव नीट आलं, दुसऱ्यावर कोणा इटालियन बाईचं तसंच राहिलं. गेटवरच्या माणसाने तिकिटाकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. भावाला म्हटलं, तू जा आत, दोघंही बाहेर राहून कोणाचं भलं होणार आहे.

बार मात्र नशिबाने चांगला मिळाला. सातव्या मिनिटाला युव्हेंटसच्या डिबालाने गोल केला, बारमध्ये हूं नाही की चूं नाही. बाविसाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा मारला, तरी तीच शांतता. मग माझ्या लक्षात आलं की भिंतीवरचे मफलर युव्हेंटसचे काळे-पांढरे नाहीत, डाळिंबी आहेत. गावात क्लब दोन, आणि मी शिरलो होतो तो टोरिनोवाल्यांचा अड्डा. आमची बार्सा ३-० ने हरली तेव्हा तिथे माझ्याइतकंच तोंड पडलं होतं ते मालकाचं. त्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाला, की उद्या सुपेर्गाला जा, आमचा संघ तिथे आहे.

सुपेर्गा म्हणजे तुरिनच्या पूर्वेची टेकडी. वर जायला दातेरी रुळांवरून चालणारी जुनी ट्राम आहे, पण आम्ही दोघं सह्याद्रीत वाढलेले, पायीच निघालो. माथ्यावर मोठं घुमटाचं चर्च आहे. १७०६ मध्ये फ्रेंचांनी तुरिनला वेढा घातला होता. तेव्हा सॅव्हॉयचा ड्यूक या टेकडीवरून वेढ्याची पाहणी करायला आला आणि नवस बोलला, की शहर वाचलं तर इथे देऊळ बांधीन. शहर वाचलं. पुढे युवारा नावाच्या वास्तुकाराने १७१७ ते १७३१ मध्ये ते बांधलं. १७०६ म्हणजे आपल्याकडे औरंगजेब नगरला शेवटचे दिवस काढत होता आणि ताराराणी त्याला काढू देत नव्हत्या. असं एखादं साल जुळलं की परक्या देशातला इतिहास एकदम शेजारच्या आळीतला वाटायला लागतो.

पण बारवाल्याने पाठवलं होतं ते चर्चच्या मागे. ४ मे १९४९ ला टोरिनोचा संघ लिस्बनहून मैत्रीपूर्ण सामना खेळून परतत होता. ढग खाली उतरले होते. विमान चर्चच्या मागच्या तटाला धडकलं आणि ३१ माणसं गेली, त्यात १८ खेळाडू. सलग चार वेळा इटलीचं विजेतेपद मिळवून पाचव्याच्या उंबरठ्यावर असलेला संघ एका संध्याकाळीत संपला. उरलेले चार सामने टोरिनोने तरुण पोरांचा संघ उतरवून खेळले, आणि समोरच्या क्लबांनीही आपली तरुण पोरंच उतरवली. आज तिथे नावांची पाटी आहे आणि भोवती कुठकुठल्या क्लबांचे मफलर बांधलेले, उन्हापावसाने रंग उडालेले. दर ४ मेला टोरिनोचा कर्णधार तिथे उभा राहून एकेक नाव मोठ्याने वाचतो. भाऊ आदल्या रात्री स्टेडियममध्ये नव्वद मिनिटं बसून आला होता. आजही तुरिन म्हटलं की तो मॅचबद्दल बोलत नाही, त्या मफलरांबद्दल बोलतो.

माझं गोखले रोडला चष्म्याचं दुकान आहे. कॉलेजपासून शनिवार-रविवार गडांवर आणि रात्री फुटबॉल, अशी दोन व्यसनं. ती एकाच सहलीत कशी बसवायची याची माझी एक पद्धत बसली आहे. काही धडे तुरिनसारखे फटके खाऊन, काही बायकोकडून. ती इतिहासाची एम. ए. आहे आणि ऑफसाइड तिला अजून समजलेला नाही, किंवा समजून घ्यायचा नाही.

तारीख आधी, शहर नंतर

पहिली गोष्ट, लीगच्या मॅचवर परदेशी सहल बांधू नका, निदान पहिली तरी. इंग्लंड, स्पेन, इटली, सगळीकडे टीव्हीवाल्यांच्या सोयीने मॅच शुक्रवार ते सोमवार कुठेही सरकते आणि नक्की दिवस-वेळ काही आठवडे आधीच कळते. तुमचं विमान शनिवार धरून काढलेलं आणि मॅच सोमवारी रात्री, असं झालेले दोघेतिघे माझ्या ओळखीचे आहेत.

चॅम्पियन्स लीगचं तसं नाही. २०२४ पासून पहिल्या टप्प्यात ३६ संघ आणि प्रत्येकाचे आठ सामने असा ढाचा आहे. ऑगस्टच्या अखेरीस सोडत निघते आणि लगेचच जानेवारीपर्यंतच्या तारखा हातात येतात. ठाण्यात बसून सहल आखणाऱ्याला याहून चांगली सोय नाही. बाद फेरीचा मोह टाळा. २०१७ मध्ये सोडत निघाली १७ मार्चला आणि मॅच ११ एप्रिलला, म्हणजे मध्ये २५ दिवस. आमच्याकडे आधीच्या सहलीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा) शिल्लक होता म्हणून निभावलं.

तरीही मॅचच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस मोकळे ठेवा. कारण हलणारी गोष्ट मॅच आहे. किल्ला, थडगं, संग्रहालय हे कुठे जात नाहीत. मॅच मध्ये खुंटीसारखी ठोकायची आणि मागेपुढे जी जागा राहते ती इतिहासाची. मॅच पुढेमागे झाली तर दिवसांची अदलाबदल करायची. विमान तेच, हॉटेल तेच. माझ्या पद्धतीत मुद्द्याचं म्हणाल तर एवढंच आहे, बाकी सगळे तपशील.

त्यातला एक तपशील मात्र महत्त्वाचा. युरोपात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि चॅम्पियन्स लीग असते मंगळवार-बुधवारी. म्हणजे सोमवारी पोचून ‘आज फिरू, उद्या मॅच’ म्हणणारा माणूस सोमवारभर बंद दारं बघत हिंडतो. सोमवार चालण्यासाठी ठेवा: गल्ल्या, नदीकाठ, बाहेरून दिसणारे तट. पॅरिसला उलटं आहे, तिथलं लूव्र मंगळवारी बंद.

व्हिसाचं थोडक्यात: ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी गेलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. मोठ्यांना फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. प्रवासाचा आराखडा लिहिताना मॅच लपवायची गरज नाही, पण मॅचच्या आधी आणि नंतर कुठे राहणार, काय बघणार हे तारीखवार लिहा. आमच्यासारख्यांना ते लिहायला जड जात नाही.

तिकीट

पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी युरोपीय स्पर्धांत स्टेडियमचा जवळपास पाच टक्के भाग राखून ठेवतात. ती तिकिटं त्या क्लबच्या जुन्या सदस्यांत संपतात, तुमच्या-माझ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून यजमान क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवायचं. आधी सदस्यांना, मग उरलेली सगळ्यांना, असा साधारण क्रम असतो आणि परदेशी माणसाला कमी पैशांत साधं सदस्यत्व घेता येतं का ते बघायचं. पुनर्विक्रीच्या साइटबद्दल माझं मत वर बारमध्ये सांगून झालं आहे.

याचा अर्थ असा, की तुम्ही बसणार यजमानांच्या घोळक्यात. रंग घालायचे नाहीत, जर्सी हॉटेलात ठेवायची, आणि आपला गोल झाला तर गिळायचा. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. ते लिस्बनच्या भागात येईल.

पाणी कुठे आहे ते बघा

कुठलं ठिकाण बघायचं हे मी ‘अवश्य पाहावीत अशी दहा ठिकाणं’ वाचून ठरवत नाही. क्लबचं नाव, बिल्ल्यावरचं चित्र, स्टेडियम ज्या जागी उभं आहे ती जागा, यातलं एक सूत पकडायचं आणि ओढत जायचं. रोमचं ऑलिंपिक स्टेडियम ज्या क्रीडासंकुलात आहे ते मुसोलिनीने बांधलेलं. त्याचं नाव कोरलेला संगमरवरी स्तंभ आजही तिथे उभा आहे आणि त्याच्यासमोरून लोक मफलर गुंडाळून मॅचला जातात. इस्तंबूलला बेशिक्ताश क्लबचं स्टेडियम दोल्माबाहचे राजवाड्याला लागून आहे, त्याच राजवाड्यात १९३८ मध्ये आधुनिक तुर्कस्तानचे निर्माते अतातुर्क वारले. हिटलरच्या काळातल्या ऑलिंपिकचं, बर्लिनचं १९३६ चं स्टेडियम तर सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि गडकऱ्याची सवय सोडायची नाही. आमच्या ट्रेक ग्रुपमधले एक काका कुठल्याही गडावर गेले की बुरूज, दरवाजा काही न बघता विचारतात, “टाकी कुठाय?” पाणी नाही तर गड नाही. हा प्रश्न वाळवंटातसुद्धा चालतो.

जानेवारी २०१९ मध्ये आशिया कपसाठी मी अबुधाबीला गेलो. मेहुणा मुसाफ्फात राहतो, त्यामुळे राहण्याजेवणाचा प्रश्न नव्हता. भारतीय संघामागे आखातात जाणं हा ठाणेकरासाठी सगळ्यात स्वस्त मार्ग: विमान तीन तासांचं, कोणीतरी नातेवाईक असतोच, आणि गॅलरीत अर्धी माणसं केरळची असल्यामुळे आवाजाला तोटा नाही. ६ जानेवारीला आपण थायलंडला ४-१ हरवलं. छेत्रीचे दोन, थापाचा एक, जेजेचा एक. १९६४ नंतर आशिया कपात आपण पहिल्यांदा जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी घसा बसलेल्या अवस्थेत कस्र अल होस्न बघायला गेलो. अबुधाबीतली ही सगळ्यात जुनी दगडी वास्तू. मूळचा बुरूज १७६० च्या सुमाराचा, प्रवाळ आणि समुद्री दगडांचा. आणि तो बांधला कशासाठी? गोड्या पाण्याच्या विहिरीवर पहारा ठेवण्यासाठी. काकांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, “मग! मी काय सांगत होतो?”

पुढची मॅच अमिरातीशी, त्यात आपण ०-२ हरलो. मधल्या दिवसात अल ऐनला जाऊन आलो. तिथला अल जाहिली किल्ला आणि खजुरीच्या बागेतून फिरवलेले पाण्याचे पाट बघण्यासारखे आहेत. त्या पाटांना फलज म्हणतात. बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

मग १४ तारखेला शारजा. मॅच संध्याकाळी होती, सकाळी अल महत्ता संग्रहालय. १९३२ मध्ये इथे विमानतळ झाला, लंडनहून हिंदुस्थानला येणारी इम्पीरियल एअरवेजची विमानं इथे उतरायची. प्रवासी रात्री मुक्काम करत. आज आपण जेवण संपेपर्यंत जिथे पोचतो, तिथे माणसं रात्र काढत होती. संध्याकाळी बहारीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती, बाद फेरी मिळाली असती. नव्वद मिनिटं ती टिकली आणि जादा वेळेच्या सुरुवातीलाच त्यांना पेनल्टी मिळाली. ०-१. परतीच्या बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. तुम्हीही आखातात संघामागे गेलात तर हरल्यानंतरच्या सकाळसाठी काहीतरी राखून ठेवा. मी ठेवलं नव्हतं, मेहुण्याच्या घरी पडून छत बघत बसलो.

लिस्बन, किंवा आमचेच जुने मालक

ठाणेकराने एकदा तरी लिस्बनला जावं. आपलं गाव दोनशे वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. १७३० च्या सुमारास त्यांनी खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणजे गावचा किल्ला आतून बघायचा तर आधी गुन्हा करावा लागतो. आणि ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला असं म्हणतात.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार, बेनफिका विरुद्ध बार्सिलोना. आम्ही दोघं शनिवारी पोचलो. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने किल्ली पुढे करत ‘शाव्ह’ असं काहीतरी म्हटलं आणि बायको मला कोपर मारून म्हणाली, “अरे, चावी!” मग तिचा खेळच सुरू झाला. पाव तिथे पाँव, साबण साबाँव, बटाटा तर थेट बताता. कॅफेच्या काचेच्या कपाटात समोसे होते, त्यांना शामुसा म्हणतात. शाकाहाऱ्यांनी तेच शोधावेत, पण आत काय आहे ते विचारून. काल्दो व्हेर्द नावाचं हिरव्या भाजीचं सूप दिसायला निरागस असतं आणि तळाशी सॉसेजची चकती निघते. भात-वरणासाठी मार्तिम मोनीझ चौकाच्या मागच्या गल्ल्या, तिथे आपल्याकडची आणि बांगलादेशी दुकानं आहेत. चौकाचं नावसुद्धा आमच्या कामाचं निघालं. ११४७ मध्ये पोर्तुगीजांनी मूर लोकांकडून लिस्बनचा किल्ला घेतला तेव्हा हा मार्तिम मोनीझ बंद होणाऱ्या दरवाजात स्वतः अडकून पडला आणि त्याच्या अंगावरून सैन्य आत गेलं, अशी दंतकथा आहे. बायको म्हणाली, “यांचा पण बाजीप्रभू आहे म्हणजे.” मी म्हटलं, बाजींनी शत्रूला अडवलं, याने दार अडवलं. यावर आमचं भांडण गड चढेपर्यंत चाललं.

रविवारी बेलेम. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. तिथपर्यंत सगळेच जातात. तुम्ही तिथून मागे दहा-पंधरा मिनिटं चढ चढून रेस्तेलोला जा. बेलेनेन्सेस या क्लबचं स्टेडियम आहे आणि समोर खाली तेजो नदी. १४९७ मध्ये वास्को ज्या रेस्तेलोच्या किनाऱ्यावरून निघाला त्याचंच हे नाव. क्लबच्या बिल्ल्यावर जो क्रूस आहे तोच त्याच्या जहाजांच्या शिडांवर होता. १९४६ मध्ये पोर्तुगालचा विजेता झालेला हा क्लब पुढे त्याचा संघ चालवणाऱ्या कंपनीशी फाटल्यावर २०१८ मध्ये पार तळाच्या जिल्हा पातळीपासून पुन्हा सुरू झाला. दुपारी स्टेडियमच्या कुंपणाबाहेर उभं राहून नदी बघत होतो. कालिकतला निघालेलं जहाज तिथून दिसलं असतं.

मॅचच्या दिवशी सकाळी मात्र जे केलं ते मी लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाला करायला सांगतो. मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लारा चौकात फेइरा दा लाद्रा नावाचा जुना बाजार भरतो. मुंबईच्या चोरबाजाराचा सख्खा भाऊ, नावातही चोरटी आहे. बाजाराच्या एका टोकाला राष्ट्रीय स्मृतिमंदिर, दुसऱ्या टोकाला साँव्ह विसेंत द फोरा मठ, चालत पाच मिनिटं. स्मृतिमंदिराचं काम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं, त्यामुळे न संपणाऱ्या कामाला तिथे त्याच इमारतीचं नाव देतात. ठाण्यात या म्हणीसाठी पर्याय बरेच सुचले. आत युसेबियो आहे. १९४२ मध्ये मोझांबिकमध्ये जन्मलेला, बेनफिकाचा सगळ्यात मोठा खेळाडू, २०१५ मध्ये त्याची शवपेटी इथे आणली. राष्ट्राध्यक्ष आणि कवींच्या शेजारी एक सेंटर फॉरवर्ड. कोणीतरी लाल मफलर ठेवून गेलं होतं, संध्याकाळी मॅच होती ना.

तिथून मठात. जुन्या भोजनगृहात पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या संगमरवरी शवपेट्या ओळीने ठेवल्या आहेत. बायको एकेक नाव वाचत पुढे गेली आणि एका पेटीपाशी थांबली. कॅथरिन. १६६१ च्या करारात इंग्लंडच्या राजाशी जिचं लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई गेली, ती ही. मुंबई गेली पण साष्टी गेली नाही, ठाणं पोर्तुगीजांकडेच राहिलं, पुढे चिमाजीअप्पा येईपर्यंत. बायको पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, “हिच्या लग्नात जरा जास्त दिलं असतं ना, तर आपण पण मुंबईकर असतो.” मी म्हटलं, बरं झालं नाही दिलं, भाडं परवडलं नसतं.

रात्री पाऊस. कॉलेजिओ मिलितार मेट्रो स्टेशनला उतरलात की गर्दीच तुम्हाला स्टेडियमकडे नेते. बाहेर युसेबियोचा पुतळा, आत सामन्याआधी गरुड उडवतात, तो बघायला अर्धा तास आधी जागेवर बसा. आमच्या जागा खालच्या रांगांत होत्या आणि वारा पाऊस आत आणत होता. तीस मिनिटांत बेनफिकाच्या पाव्हलिदिसचे तीन गोल, आमचा एकच, शेजारचे आजोबा मला मिठ्या मारत होते. मी हसत होतो, काय करणार. मध्यंतरानंतर बेनफिकाच्या गोलरक्षकाने मारलेला चेंडू आमच्या राफिन्याच्या डोक्यावर आपटून गोलात गेला, मग लगेच आमच्याच खेळाडूचा स्वयंगोल, ४-२. इथे मी मनातून मॅच सोडून दिली. नंतर लेवांडोव्स्कीची पेनल्टी, एरिक गार्सियाचा हेडर, ४-४, आणि सहाव्या जादा मिनिटाला राफिन्या एकटा पळत सुटला. नेमका तेव्हाच माझा चष्मा वाफ आणि पावसाने आंधळा. आयुष्यभर लोकांना चष्मे विकले आणि आयुष्यातला सर्वोत्तम गोल मला लाल-निळ्या डागासारखा दिसला. ओरडायचं नव्हतं. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून मुठी आवळल्या. आजोबा खुर्चीत बसले, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मात्र खरा होता.

काही बारीकसारीक

चष्मेवाल्याचा सल्ला फुकट घ्या: पावसात स्टेडियममध्ये चष्मा लागत असेल तर वाफ न धरणारा स्प्रे आणि कोरडं फडकं खिशात ठेवा.

पाठीवरची मोठी सॅक स्टेडियममध्ये घेत नाहीत. किल्ला बघून थेट मॅचला जायचा बेत असेल तर ती आधी हॉटेलवर टाकून या. लॉकर मिळेल या आशेवर जाऊ नका. इटलीत पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. मॅचच्या दिवशी चढाचा किल्ला ठेवू नका. दिवसभर दगडी गल्ल्या तुडवून रात्री अकराला मेट्रोच्या रांगेत उभं राहिलं की गुडघे बोलायला लागतात. मॅच संपल्यावर पाहुण्यांच्या गॅलरीला बऱ्याच ठिकाणी कोंडून ठेवतात. म्हणून चुकून त्या भागाचं तिकीट मिळालंच, तर परतीची शेवटची गाडी पकडण्याच्या नादात राहू नका.

बरोबर कोणाला न्यावं? फुटबॉल न आवडणारं एक माणूस जरूर न्या. फक्त फुटबॉलवाले असले की मॅचनंतरची सकाळ हॉटेलच्या नाश्त्यावर आणि हायलाइट्सवर जाते. आणि त्या माणसाच्या आवडीचं ठिकाण मॅचच्या आधी ठेवा, नंतर नाही. हा धडा मी विस्ताराने सांगत नाही, घर एकच आहे.

सराव म्हणून हे सगळं आधी घरच्या अंगणात करून बघा. नेरुळला डी. वाय. पाटीलवर मॅच असेल तर ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून आधी बेलापूरला उतरा, किल्ले गावठाणाजवळ जुन्या किल्ल्याचे जे अवशेष उरले आहेत ते बघा, आणि मग मागे नेरुळला या.

हे शहाणपण मला सुचलं ते ६ नोव्हेंबर २०२३ ला. त्या दिवशी मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल होती, आपण ०-२ हरलो. मॅचनंतर नेरुळ स्टेशनवर अल हिलालच्या जर्सीतले दोघं भेटले, रियाधहून आलेले. म्हणजे आमचं गाव त्यांची परदेशी मॅच होती. त्यांनी विचारलं, उद्या दुपारचं विमान आहे, सकाळी जुनं काही बघण्यासारखं आहे का? आणि मी, सुपेर्गा आणि अबुधाबी हिंडून आलेला माणूस, आ वासून उभा. तोंडातून निघालं, “मॉल आहे.”

गाडी यायला चार मिनिटं होती. मग दुकानाचं कार्ड काढलं आणि मागे लिहिलं: वसई किल्ला, पोर्तुगीजांचा, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. पहाटे निघा, दादरला गाडी बदला, विरार लोकल धरा, परत येताना उलट्या दिशेची गर्दी लक्षात घ्या. ते गेले की नाही कळलं नाही. कार्डावर पुढे दुकानाचा नंबर आहे, पण रियाधहून चष्म्याची ऑर्डर अजून आलेली नाही.